आतडी चिकटली आहेत, फिजिओथेरपी करून पाहू का?

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या दुखण्याबद्दल या वेळी बरीच पत्रे आली. ‘आतडी चिकटली आहेत’ असे एकदा कानावर पडले की पुढचे प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकसारखी पत्रे एकत्र केली आहेत. उत्तरे शल्यचिकित्सा आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी) या दोन्ही शाखांतील सल्लागारांनी मिळून दिली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी दोन सिझर झाली, पुढे २०१९ मध्ये गर्भपिशवी काढली. तेव्हापासून ओटीपोटात उजवीकडे ओढल्यासारखे दुखते. दोनदा सोनोग्राफी आणि एकदा सीटी स्कॅन झाला, सगळे नॉर्मल. सर्जन म्हणतात, आत चिकटले असणार. पुन्हा दुर्बीण घालून सोडवता येईल, पण दुखणे जाईलच असे नाही. मैत्रीण म्हणते, फिजिओथेरपीने चिकटलेले सुटते. खरे काय? (कोथरूड)

मैत्रिणीच्या म्हणण्यात निम्मे तथ्य आहे. पैसे भरण्याआधी ते निम्मे कोणते हे पाहून घ्या.

पोटाच्या आतल्या बाजूला आणि आतड्यांवर एक पातळ, ओलसर आवरण असते, त्याला पेरिटोनियम म्हणतात. शस्त्रक्रियेत ते खरचटले, सुकले किंवा त्याला रक्त-पू लागला की तिथे फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा चिकट थर जमतो. शरीराने तो चार-सहा दिवसांत विरघळवला तर ठीक. राहून गेला तर पेशी त्यात शिरून कोलॅजनचे तंतू विणतात आणि दोन पृष्ठभाग पट्ट्यांनी एकमेकांना कायमचे जोडले जातात. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांच्या पोटात असे काही ना काही चिकटलेले सापडते. दुखते मात्र त्यांतल्या थोड्यांनाच. आत पट्टे असणे आणि त्या पट्ट्यांमुळेच दुखणे या दोन गोष्टींची गल्लत होते ती इथे.

तपासण्या नॉर्मल आल्या यात नवल नाही. हे पट्टे सोनोग्राफीत किंवा सीटीत सहसा दिसत नाहीत. आतड्यात अडथळा असेल तर फुगलेले आतडे दिसते. खात्री होते ती दुर्बिणीनेच.

मग दुर्बीण घालून सोडवून का घेऊ नये? नेदरलँड्समध्ये नेमका हाच प्रश्न तपासला गेला. जुनाट पोटदुखीच्या शंभर रुग्णांना दुर्बिणीने पाहिले; चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निम्म्यांचे पट्टे सोडवले, निम्म्यांचे नुसते पाहून तसेच ठेवले. कोणाचे काय केले हे रुग्णांना सांगितले नव्हते. वर्षभराने दोन्ही गटांचे दुखणे सारखेच कमी झालेले आढळले. २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. त्याच रुग्णांना बारा वर्षांनी पुन्हा विचारले, तेव्हा पट्टे सोडवून घेतलेल्यांची स्थिती उलट थोडी वाईटच होती. शिवाय प्रत्येक नवी शस्त्रक्रिया नवे पट्टे घडवू शकते. ‘खात्री नाही’ म्हणणारे तुमचे सर्जन प्रामाणिक आहेत. आतडे अडले असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा शस्त्रक्रिया जीव वाचवते.

आता फिजिओथेरपी. हातांनी पट्टे सुटतात या दाव्यामागे २०१२ सालचा उंदरांवरचा एक प्रयोग नेहमी दाखवला जातो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत पोट हलक्या हाताने हलवत राहिल्याने उंदरांमध्ये चिकटण्याचे प्रमाण कमी झाले. प्रयोग चांगला आहे. पण ते ताजे, अजून घट्ट न झालेले थर होते, आणि उंदराच्या पोटाची भिंत ती केवढी! पाच-सहा वर्षे जुना, आत रक्तवाहिन्या तयार होऊन पक्का झालेला पट्टा बाहेरून बोटांनी तुटतो असे माणसांत कोणी भरवशाने दाखवलेले नाही. जे अभ्यास आहेत ते लहान आहेत आणि बहुतेकांत तुलनेचा गटच नाही.

तरीही फिजिओथेरपी करून पाहण्यासारखी आहे, आणि त्याचे कारण निराळे आहे. दुखण्यातला बराच भाग पट्ट्यातून येतच नसतो. ब्लाउजचे अस्तर एका जागी कापडाला शिवले गेले की ताण नुसता तिथेच पडत नाही, खांद्यावरही येतो. तसे टाक्यांची जागा आखडली की पोटाचे स्नायू, कमरेचा खालचा भाग, जांघ, ओटीपोटाचा तळ सगळेच धरून बसतात. दुखेल या धास्तीने माणूस वाकून चालतो, श्वास छातीतच घेतो, पोट सतत आत ओढून ठेवतो. त्यात वर्षे गेली की मज्जासंस्था हळवी होते, साध्या ताणालाही ती ‘दुखते’ म्हणून कळवू लागते. हे मनाचे खेळ नाहीत, शरीरात घडणारी गोष्ट आहे. आणि ती हातांनी, व्यायामाने, सवयी बदलून कमी करता येते.

एक साधी चाचणी तुमच्या डॉक्टरांकडून करून घ्या. कार्नेट या अमेरिकी सर्जनने १९२६ मध्ये ती सांगितली. उताणे झोपायचे, सर्वांत दुखणाऱ्या जागी डॉक्टरांनी बोट दाबून धरायचे, मग तुम्ही हातांचा आधार न घेता डोके आणि खांदे उचलायचे. स्नायू ताठ झाले की आतली इंद्रिये झाकली जातात. दुखणे कमी झाले तर उगम बहुधा आत आहे. तेवढेच राहिले किंवा वाढले तर उगम पोटाच्या भिंतीत असण्याची शक्यता मोठी: टाक्यांच्या व्रणात, स्नायूत किंवा तिथे अडकलेल्या त्वचेच्या नसेत. नस अडकली असेल तर पोटाच्या सरळ स्नायूच्या बाहेरच्या कडेला, एका बोटाने दाखवता येईल अशी जागा सापडते. तिथे भुलीच्या औषधाचे छोटे इंजेक्शन दिले की काही मिनिटांत आराम पडतो आणि निदानही पक्के होते. ‘आतडी चिकटली’ म्हणून वर्षानुवर्षे हिंडणाऱ्यांपैकी काहींचे दुखणे हेच असते, आणि ही चाचणी करायला दोन मिनिटेही लागत नाहीत. ती इतकी कमी का होते, हे कोडेच आहे.

प्रश्न : अपेंडिक्स फुटले होते, मोठी चीर देऊन ऑपरेशन झाले. आता दोन वर्षे अधूनमधून दुखते. फिजिओथेरपीला गेलो तर तिथे नेमके काय करतात? किती वेळा जावे लागते? मागे एका ठिकाणी दहा दिवस नुसता मशीनचा शेक दिला. (सिंहगड रस्ता)

मशीनपासून सुरुवात करू. अल्ट्रासाउंड, आयएफटी (विजेच्या सौम्य प्रवाहाचे मशीन), शॉर्टवेव्ह डायथर्मी (विद्युतलहरींनी खोलवर शेक देणारे मशीन) यांपैकी कशानेही आतले पट्टे वितळत नाहीत. टेन्स मशीनच्या सौम्य झिणझिण्यांनी काही जणांना तात्पुरता आराम मिळतो. पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर पोटावर तेही नको. शरीरात धातू असेल, अगदी कॉपर-टी असली तरी, डायथर्मी लावण्याआधी सांगायलाच हवे. दहा दिवस शेक देऊन हाताने एकदाही तपासले नसेल, तर ते उपचार झालेच नाहीत असे समजा.

पहिल्या भेटीला पाऊण तास ते तास लागायला हवा आणि त्यातला निम्मा वेळ प्रश्नांत जावा. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि मिळाल्यास ऑपरेशन नोट्सची प्रत न्या. पोटात जाळी बसवली आहे का, पू किती पसरला होता, नळी ठेवली होती का, हे त्यातच कळते. दुखणे जेवणानंतर वाढते की चालल्यावर, शौचाला झाल्यावर उतरते का, बायकांमध्ये पाळीशी त्याचा संबंध आहे का, हे विचारले गेले पाहिजे. पाळीबरोबर चढणारे दुखणे एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे) असू शकते. ते आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला हवे.

मग तपासणी. व्रण वर, खाली, डावीकडे, उजवीकडे किती सरकतो. कोणत्या दिशेला अडतो. बरगड्या श्वासाबरोबर बाजूला फुलतात का. पालथे झोपून मांडी मागे किती जाते. पाठीच्या खालच्या मणक्यांतून तर पोटाकडे कळ येत नाही ना. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची आतून तपासणी क्वचित लागते. ती त्याचे प्रशिक्षण घेतलेल्यानेच, आधी नीट समजावून आणि तुमची संमती घेऊन करायची असते. नको म्हणालात तरी बाकीचे उपचार अडत नाहीत.

उपचार सुरू होण्याआधी तीन कामे निवडा, जी दुखण्यामुळे अडतात. उदाहरणार्थ, बसमध्ये उभ्याने स्वारगेटपर्यंत जाणे, पाण्याची बादली उचलणे, जमिनीवर अर्धा तास बसणे. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्या. शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखे जमते. आठवड्यातून एकदा असे सहा ते आठ वेळा जायचे आणि घरी रोजचा व्यायाम करायचा, एवढी मुदत ठरवून घ्या. चौथ्या भेटीला पुन्हा गुण मांडा आणि शेवटी पुन्हा. सरासरी दोन गुणांनी सुधारणा झाली किंवा दुखणे साधारण तीस टक्क्यांनी उतरले तर फायदा खरा आहे, पुढे चालू ठेवा. आठ भेटींनंतर काहीच हलले नाही तर थांबा. ‘अजून वीस सिटिंग घ्या’ याला काही आधार नसतो.

हाताखाली काय वाटायला हवे? ताण जाणवावा, श्वास मात्र अडू नये. दहापैकी तीनच्या वर दुखू लागले तर सांगा. पोट आवळून सहन करणे निरुपयोगी आहे, कारण आवळलेल्या भिंतीखालचे काहीच सरकत नाही. भेटीनंतर दिवसभर, फार तर दोन दिवस अंग दुखल्यासारखे वाटले तर चालेल. त्याहून जास्त टिकले तर पुढच्या वेळी जोर आणि वेळ दोन्ही निम्मे करायला सांगा. काळेनिळे पडणे हे जोर चुकल्याचे लक्षण आहे. ‘आत सुटते आहे म्हणून दुखतेय’ असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका.

घरच्या व्यायामात पहिला मान श्वासाचा. उताणे झोपून गुडघ्यांखाली लोड किंवा गुंडाळलेली गोधडी घ्या, तळवे बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवा. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सोडा. पाच मिनिटे, दिवसातून दोनदा. शांत श्वासातही श्वासपटल एक-दोन सेंटिमीटर खाली सरकते आणि यकृत, जठर, आतडी त्याबरोबर हलतात. म्हणजे आतून होणारे हे हलवणे फुकटचे आहे. चूक होते ती पोट जोर लावून फुगवण्यात. पोट ढकलायचे नाही, बरगड्या बाजूला फुलल्या की ते आपोआप वर येते.

दुसरे, पालथे झोपणे. व्रण ताणला जाईल या भीतीने असे रुग्ण वर्षानुवर्षे पालथे होत नाहीत. सुरुवातीला पोटाखाली उशी घेऊन एक मिनिट, मग उशीशिवाय, मग कोपरांवर छाती उचलून तीस सेकंद, असे तीन वेळा. पुढच्या टप्प्यावर जायला प्रत्येकी आठवडा लागला तरी बिघडत नाही. तिसरे, उताणे होऊन दोन्ही गुडघे जुळवून हळू डावीकडे-उजवीकडे नेणे, प्रत्येक बाजूला दहा वेळा. आणि अंथरुणातून सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा द्या आणि रेटा देताना श्वास सोडा. बादली उचलतानाही तेच, श्वास सोडत उचला. श्वास कोंडून जोर लावला की सगळा दाब व्रणाच्या जागेवर येतो.

चालण्याचे मोजमाप चांगल्या दिवसावरून ठरवू नका. चांगल्या दिवशी तळजाई टेकडीवर तासभर चालायचे आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, ही या रुग्णांची नेहमीची तऱ्हा. साधारण दिवशी न दुखता जेवढे जमते त्याच्या तीन-चतुर्थांशावर सुरुवात करा, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवा, आणि बरे वाटले तरी त्या दिवशीचा आकडा ओलांडू नका.

प्रश्न : सिझर होऊन दहा आठवडे झाले. टाक्यांची जागा घट्ट आणि वरचा भाग बधिर वाटतो. मधेच कपडा लागला की झिणझिणते. घरी काय करता येईल? (धायरी)

तपासणीत डॉक्टरांनी जखम पूर्ण भरल्याचे सांगितले असेल तर सुरू करा. खपली, ओलसरपणा, लाली, पू किंवा ताप असेल तर नको. साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या आधी जखमेवर ओढाताण करू नये.

आधी झिणझिणीची व्यवस्था. कापसाचा बोळा व्रणाच्या आजूबाजूला, मग व्रणावर दोन मिनिटे हलका फिरवा. तो सहन होऊ लागला की मऊ सुती कापड, मग टॉवेलची खरखरीत बाजू. प्रत्येक टप्प्याला तीन-चार दिवस द्या. बधिरपणा काही महिने टिकतो. थोडा भाग कायमही राहू शकतो, त्याने बिघडत काही नाही.

मग व्रण हलवणे. गुडघ्यांखाली लोड घेऊन झोपा. हात धुतलेले, नखे कापलेली हवीत. दोन्ही हातांची तीन-तीन बोटे व्रणापासून दोन-तीन सेंटिमीटर दूर टेकवा. तेल अगदी थेंबभर किंवा नकोच. भरपूर तेल लावले की बोटे नुसती कातडीवरून घसरतात आणि खालचे थर जागचे हलत नाहीत. घरच्या मालिशीत हे हमखास होते. बोटे कातडीला चिकटलेलीच ठेवून ती कातडी वर सरकवा, जिथे अडते तिथे थांबा, श्वास सोडत तीस सेकंद धरा. अडलेले थोडे ढिले पडल्यासारखे वाटेल. मग खाली, डावीकडे, उजवीकडे. ज्या दिशेला जास्त अडते तिथे दोनदा. पहिला आठवडा दोन-तीन मिनिटे, पुढे पाच, दिवसातून एकदा पुरे. जोर किती? बोटाच्या नखाचा रंग किंचित फिका पडेल एवढाच.

दोन-तीन आठवड्यांनी व्रणाची कातडी अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून हळूच उचलता येते का पहा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती चिमूट सरकवत न्या. एखाद्या जागी खळगा पडून कातडी आत ओढलेली राहिली तर तिथे जास्त वेळ द्या. व्रण जाड, लाल, खाजरा होऊन कडेबाहेर वाढू लागला तर चोळणे थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. सिलिकॉन जेल किंवा पट्टी तेव्हा उपयोगी पडते.

हे सगळे कातडी आणि त्याखालच्या थरांपुरते आहे. ते मोकळे झाले की उभे राहणे, बाळाला उचलणे सोपे जाते. गर्भाशयाजवळ आत काही चिकटले असेल तर ते याने सुटते असे म्हणता येणार नाही. पोटाचा पट्टा पहिले काही आठवडे आधार म्हणून ठीक. पुढे दिवसभर बांधून ठेवलात तर स्नायूंना कामच उरत नाही.

प्रश्न : आमच्या गावाकडे बेंबी सरकली म्हणून पोट चोळून देतात. सासूबाईंचे पित्ताशय काढल्यानंतर दुखते, त्या तिथेच जायचे म्हणतात. एरंडेल प्यायल्याने आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी चिकटलेले सुटते का? (सासवड)

बेंबी सरकत नाही. चोळून बरे वाटते ते स्नायू सैल पडल्यामुळे, पण कळ येत असताना टाचेने किंवा मुठीने पोट रगडणे धोक्याचे आहे. आत हर्निया असेल, आतडे अडले असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पोटातली महाधमनी फुगलेली असेल तर जोराच्या चोळण्याने अनर्थ होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विसरता येत नाही, पोटाचा क्षयरोग. त्यातही आतडी चिकटतात. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, भूक मरणे, पोटात पाणी होणे यांपैकी काही असेल तर चोळणे, फिजिओथेरपी सगळे बाजूला ठेवून आधी तपासणी. क्षयरोग निघालाच तर उपचार औषधांचा, साधारण सहा महिन्यांचा, आणि तो पूर्ण करायचा.

एरंडेल हे जुलाबाचे औषध आहे. अडलेल्या आतड्यावर ते प्यायले तर आतडे अडथळ्यावर जोर लावत राहते आणि कळा वाढतात. बाहेरून लावले तर त्वचा मऊ होते, एवढेच. सूज उतरवण्यासाठी सेराशिओपेप्टिडेजच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जातात. जुने पट्टे त्यांनी विरघळल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

आणि दुखण्यासाठी ट्रामाडॉलसारख्या गोळ्या चालू असतील तर त्या आतड्यांची चाल मंद करतात. बद्धकोष्ठ, त्यातून पोट फुगणे, त्यातून दुखणे, म्हणून आणखी एक गोळी, असे चक्र लागते. स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : साधे दुखणे आणि धावत दवाखाना गाठायचे दुखणे, फरक कसा ओळखावा? (हडपसर)

पोटात लाटांसारखी कळ येते आणि जाते, पोट फुगत चालले आहे, उलट्या होत आहेत (हिरवट-पिवळ्या असतील तर विशेषच), शौचाला होत नाही आणि वाराही सरत नाही: हे आतडे अडल्याचे चित्र आहे. सगळे एकदम दिसेलच असे नाही. अडथळा वरच्या भागात असेल तर पोट फारसे फुगत नाही, उलट्याच जास्त होतात. आणि सुरुवातीला खालचा मळ बाहेर पडू शकतो, म्हणून ‘सकाळी झाली होती’ यावर निश्चिंत राहू नका. कळ थांबून दुखणे सलग झाले, ताप आला, नाडी जलद झाली, पोट लाकडासारखे ताठ झाले तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याची भीती असते. तेव्हा तास मोजायचे नसतात.

अशा वेळी तोंडाने काही देऊ नका. एनिमा, जुलाब, मालिश, शेक काही नाही. १०८ ला फोन करा किंवा सर्जन चोवीस तास हजर असतो अशा रुग्णालयात थेट न्या. पुण्यात ससून रुग्णालयाचा तातडीचा विभाग रात्रीही उघडा असतो. जुने डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या. ‘पूर्वी पोटाचे ऑपरेशन झाले आहे’ हे वाक्य दारातच सांगा. अडथळ्याचे सगळे रुग्ण शस्त्रक्रियेला जात नाहीत. नाकातून नळी आणि सलाईन यांवर बरेचदा तो सुटतो, पण ते रुग्णालयातच, सर्जनच्या नजरेखाली.

प्रश्न : खाण्यात काय पाळावे? सगळे म्हणतात, भरपूर सॅलड खा. (चिंचवड)

ज्यांना नुसते दुखते आणि कधीच अडलेले नाही त्यांनी नेहमीसारखे जेवावे. ज्यांना अर्धवट अडथळ्याचे झटके येऊन गेले आहेत त्यांच्यासाठी मात्र ‘भरपूर सॅलड’ हा सल्ला उलटा पडतो. अरुंद झालेल्या जागी चोथा अडकतो. संत्र्या-मोसंबीच्या फोडी सालीसकट, मक्याचे कणीस, ओल्या नारळाचे तुकडे, शेवग्याच्या शेंगेचा गिळलेला चोथा, पालेभाजीचे जाड देठ, सुकामेवा न चावता खाणे, हे जपा. झटक्यानंतर काही दिवस मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, ताक, शिजवून कुस्करलेली दुधी-भोपळ्याची भाजी. मग दर दोन-तीन दिवसांनी एक पदार्थ वाढवत जा. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी जेवणे, आणि घास नीट चावून. दात नसतील तर कवळीची सोय ही इथे पोटाचीही सोय आहे.

कमोडवर बसत असाल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येतील असे. जोर न करता होते.

प्रश्न : कपालभाती चालेल का? आणि दुचाकी? (सहकारनगर)

कपालभाती, अग्निसार, नौली यांत पोटाला झटके बसतात. दुखणे चढलेल्या काळात नकोत. वर दिलेला श्वास आणि पालथ्याचे टप्पे दोन महिने नीट जमले, दुखणे स्थिर राहिले, तर शिक्षकांना शस्त्रक्रियेची कल्पना देऊन हलके सुरू करता येईल. पर्वतीच्या पायऱ्या चढायला हरकत नाही, आधी निम्म्या.

दुचाकीवर दुखते ते बहुधा गतिरोधकावर, कारण हादऱ्याच्या आधी आपण नकळत पोट आवळून श्वास कोंडतो. वेग कमी करा, गतिरोधक ओलांडताना श्वास सोडा. स्कूटरवर वाकून बसण्यापेक्षा सीटवर थोडे मागे, पाठ सरळ. शस्त्रक्रिया ताजी असेल तर अचानक ब्रेक दाबता येईपर्यंत गाडी नकोच.

प्रश्न : पुण्यात यासाठी फिजिओथेरपिस्ट कसा शोधावा? विमा मिळतो का? (वारजे)

महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का, हे आधी विचारा; नोंदणी क्रमांक मागायला संकोच नको. चार-सहा महिन्यांचे मसाज किंवा ‘थेरपी’ प्रमाणपत्र म्हणजे फिजिओथेरपीची पदवी नव्हे. पदव्युत्तर शिक्षण स्त्री-आरोग्य किंवा अस्थि-स्नायू विषयातले असेल तर उत्तम, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण ते नियमित पाहतात का. फोनवर तीन प्रश्न पुरतात: पहिल्या भेटीला किती वेळ देता, हाताने तपासता की मशीनवर, आणि फरक पडला नाही तर कधी थांबवता. तिसऱ्याचे उत्तर टाळणाऱ्याकडे जाऊ नका. ‘चिकटलेले शंभर टक्के सोडवतो’ म्हणणाऱ्याकडेही नको.

खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर ससूनच्या किंवा फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात चौकशी करा. तिथे विद्यार्थी तपासतात, वर शिक्षक असतात. वेळ जास्त लागतो, पण तपासणी बहुधा सविस्तर होते. विम्याचे म्हणाल तर बहुतेक पॉलिसी भरती झाल्याशिवाय फिजिओथेरपीचा खर्च देत नाहीत. काहींमध्ये बाह्यरुग्ण उपचारांची वेगळी तरतूद असते आणि तिथे डॉक्टरांची लेखी चिठ्ठी लागते. ती चिठ्ठी पहिल्या भेटीच्या आधीच्या तारखेची हवी; मागाहून आणलेल्या चिठ्ठीवर दावा फेटाळला जाऊ शकतो.